पर्वतीय सायकलिंग : सातारा व सांगली परिसर

डोंगराळ, खडकाळ व कच्च्या वाटांवर खास बांधणीच्या सायकलीने प्रवास अथवा शर्यत करण्याचा साहसी क्रीडाप्रकार. माउंटन बाइकिंग या नावानेही तो ओळखला जातो. डांबरी रस्त्यावरील सायकलिंगमध्ये वेग व दमश्वास यांना प्राधान्य असते. पर्वतीय सायकलिंगमध्ये त्यांच्या जोडीला तोल, वाटेची निवड, गतिरोधकांचा संयमित वापर आणि पायाखालच्या जमिनीची जाण यांना तितकेच महत्त्व असते. खडक, माती, पाऊस व उतार बदलले की, या खेळाचे स्वरूपही बदलते. सातारा व सांगली या शेजारच्या जिल्ह्यांत सह्याद्रीचा माथा, जांभ्या दगडाचे सडे, कृष्णाकाठची काळी जमीन आणि माणदेशातील कोरडी माळराने असे सर्व प्रकार थोड्या अंतरात सापडत असल्यामुळे या खेळाच्या अभ्यासाला हा परिसर विशेष सोयीचा आहे. तथापि येथील वाटा खेळासाठी बांधलेल्या नाहीत. त्या गुराख्यांच्या, शेतकऱ्यांच्या, यात्रेकरूंच्या व वनखात्याच्या आहेत. शिवाय त्यांपैकी काही अत्यंत नाजूक भूभागातून जातात. म्हणून कोठे व केव्हा सायकल चालवावी, हा प्रश्न येथे कौशल्याइतकाच मूलभूत ठरतो.

इतिहास : सायकल ओबडधोबड वाटांवर नेण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेच्या लष्कराच्या २५ व्या पायदळ तुकडीतील सैनिकांनी १८९७ मध्ये माँटॅना राज्यातील मिझूलापासून सेंट लूइसपर्यंत सु. ३,००० किमी. प्रवास सायकलींवरून केला. इंग्लंडमध्ये १९५५ साली ‘रफ स्टफ फेलोशिप’ ही कच्च्या वाटांवरील सायकलस्वारांची संस्था स्थापन झाली. मात्र आधुनिक खेळाचा उगम कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात मानला जातो. तेथील तरुण जुन्या, रुंद टायरांच्या जड सायकली टॅमलपायस पर्वताच्या परिसरातील मातीच्या उतारांवरून खाली हाकीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे ‘रीपॅक’ नावाची पहिली शर्यत झाली. सु. ४०० मी. उताराच्या या वाटेवर मागील चाकाच्या तुंब्यातील गतिरोधक इतका तापे की, आतील वंगण जळून जाई व तुंबा पुन्हा वंगणाने भरावा लागे. त्यावरून हे नाव पडले. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये या कामासाठी नवी चौकट घडविली. गॅरी फिशर, चार्ली केली व टॉम रिची यांनी १९७९ च्या सुमारास अशा सायकलींचा व्यवसाय सुरू केला, तर १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ या कंपनीची ‘स्टंपजंपर’ ही मोठ्या प्रमाणावर तयार केलेली पर्वतीय सायकल बाजारात आली.

खेळाचा प्रसार होताच वाटांवरील हक्काचा वाद उभा राहिला. पायी चालणारे व घोडेस्वार यांच्या तक्रारींमुळे कॅलिफोर्नियातील अनेक वाटा सायकलींना बंद झाल्या. याला उत्तर म्हणून १९८८ मध्ये तेथील सायकलस्वारांनी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि वाटांची देखभाल करणे व इतरांशी सौजन्याने वागणे यांची संहिता रूढ केली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाच्या मान्यतेने पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये कोलोरॅडो राज्यातील डुरँगो येथे झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. तेथे पुरुषांमध्ये नेदरर्लंड्सचा बार्ट ब्रेंटयेन्स व स्त्रियांमध्ये इटलीची पाओला पेत्सो यांनी सुवर्णपदके मिळविली.

भारत व महाराष्ट्र : दक्षिण महाराष्ट्राचा सायकलीशी संबंध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलींच्या व्यवसायाने आपल्या उद्योगाचा प्रारंभ केला. पुढे औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये त्यांनी वसविलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात मोडते. स्वातंत्र्योत्तर काळात अॅटलस (१९५१) व हीरो (१९५६) यांसारख्या भारतीय कारखान्यांच्या काळ्या, उंच सायकली खेड्यापाड्यांत पोहोचल्या. दूधवाले, साखर कारखान्यांतील कामगार, शिक्षक व विद्यार्थी यांचे ते मुख्य वाहन होते. तालुक्याच्या गावी तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने असत. याच सायकली पाणंदीतून, कालव्याच्या कडेने व घाटातून नेल्या जात. परंतु त्या प्रवासाला खेळ म्हणण्याची रीत नव्हती. पुढे सरळ हँडल व जाड, गाठदार टायर असलेल्या सायकली बाजारात आल्या. हीरो कंपनीच्या एका नमुन्याच्या नावावरून अशा कोणत्याही सायकलीला महाराष्ट्रात ‘रेंजर’ म्हणण्याचा प्रघात पडला. दिसण्यात ती पर्वतीय सायकलीसारखी असली, तरी तिची जड पोलादी चौकट व सामान्य गतिरोधक यांमुळे ती खऱ्या डोंगरी वापरास अपुरी पडे.

स्पर्धात्मक सायकलिंगमध्ये महाराष्ट्राची परंपरा प्रामुख्याने रस्त्यावरील आहे. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वप्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब देण्यात येतो. पर्वतीय प्रकारात २००५ पासून हिमाचल प्रदेशात भरू लागलेली अनेक दिवसांची ‘एमटीबी हिमालया’ स्पर्धा महत्त्वाची ठरली. भारतीय सायकलिंग महासंघाने या प्रकाराच्या स्वतंत्र राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू केल्या. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात परदेशी व सुधारित भारतीय बनावटीच्या सायकली शहरांतून मिळू लागल्या आणि पुणे, सातारा, कोल्हापूर, सांगली येथील हौशी सायकलस्वार सह्याद्रीच्या वाटांकडे वळले.

सायकलीची रचना : पर्वतीय सायकलीची चौकट अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, पोलादाची किंवा कार्बन तंतूंची असते. पुढील चाक धरणारा चिमटा सामान्य सायकलीपेक्षा अधिक कललेला असतो. त्यामुळे तीव्र उतारावर पुढील चाक स्वाराच्या बरेच पुढे राहते आणि सायकल उलटण्याचा धोका कमी होतो. हँडल सु. ७० ते ८० सेंमी. रुंद असते. चिमट्यात धक्के शोषणारी योजना असते. काही सायकलींत मागील चाकासही ती जोडतात. लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी १०० ते १२० मिमी., सर्वसाधारण डोंगरवाटांसाठी १२० ते १५० मिमी. व केवळ उताराच्या शर्यतीसाठी सु. २०० मिमी. दबणारी योजना वापरतात. चाकाचा व्यास पूर्वी २६ इंच असे, आता २७.५ व २९ इंची चाके रूढ आहेत. मोठे चाक खडकाच्या पायरीवर कमी अडखळते, तर लहान चाक अरुंद वळणावर चपळ असते.

दंतचक्रांची योजना हा या सायकलीचा मुख्य विशेष होय. साध्या सायकलीत पुढे ४४ व मागे १८ दात असतील, तर पॅडलाच्या एका फेऱ्यात सायकल सु. ५.४ मी. पुढे जाते. मिनिटास ६० फेरे मारल्यास तिचा वेग ताशी १९ किमी.हून अधिक होतो. घाटाच्या चढावर इतका वेग सामान्य स्वारास राखता येत नाही आणि त्याला उतरून सायकल ढकलावी लागते. पर्वतीय सायकलीत पुढे ३२ व मागे ५० दात घेतल्यास २९ इंची चाकाची सायकल एका फेऱ्यात जेमतेम दीड मीटर सरकते. त्याच लयीत पाय चालविल्यास वेग ताशी ५ किमी.च्या आसपास, म्हणजे पायी चालण्याइतका राहतो. पण गुडघ्यांवरील ताण कमी होऊन चढ संपेपर्यंत बैठक मोडावी लागत नाही.

चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या जुन्या गतिरोधकांऐवजी आता तुंब्यापाशी बसविलेल्या पोलादी चकतीवर दाब देणारे, बहुधा द्रवीय दाबावर चालणारे गतिरोधक वापरतात. सह्याद्रीत त्यांची उपयुक्तता विशेष जाणवते. पावसाळ्यात लाल चिखल चाकाच्या कडेस लागून जुना गतिरोधक घसरतो व कडही झिजते. चकती मात्र चिखलापासून दूर राहते. उतारावर निर्माण होणारी उष्णताही मोठी असते. पाचगणी (सु. १,२९० मी.) व वाई (सु. ७२० मी.) यांमधील पसरणी घाट उतरताना सायकलीसह ८५ किग्रॅ. वजनाच्या स्वाराची सु. ४,८०,००० जूल स्थितिज ऊर्जा खर्ची पडते. २०° से. तापमानाचे सु. १.४ लि. पाणी उकळीच्या तापमानास नेण्यास ती पुरेशी आहे. तिचा काही भाग हवेच्या विरोधात जातो. उरलेला बराचसा गतिरोधकांना सोसावा लागतो. म्हणून ते सतत दाबून न ठेवता वळणापूर्वी थोडा वेळ जोराने दाबून पुन्हा सोडण्याची सवय लावतात.

टायर सु. २.१ ते २.६ इंच रुंद असून त्यांवर रबराच्या गाठी असतात. त्यांतील हवेचा दाब रस्त्यावरील सायकलीच्या मानाने बराच कमी, दर चौ. इंचास सु. २० ते ३० पौंड, ठेवतात. कमी दाबाचा टायर दगडाभोवती किंचित दबतो, त्याचा जमिनीशी स्पर्श वाढतो व पकड सुधारते. मात्र ट्यूब असलेल्या टायरात दाब फार कमी ठेवल्यास दगड व चाकाची कड यांच्यात ट्यूब चिमटली जाऊन एकदम दोन छिद्रे पडतात. ट्यूबविरहित टायरात ही अडचण नसते. शिवाय आत ओतलेला रबरी द्राव काट्याचे छिद्र आपोआप बुजवितो.

भूरचना : सातारा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. १०,४८० चौ. किमी. व सांगलीचे सु. ८,५७० चौ. किमी. आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने वेगळा झालेला जिल्हा १९६० पासून सांगली या नावाने ओळखला जातो. भूरचनेच्या दृष्टीने मात्र दोन्ही प्रदेश एकच आहेत. पायाचा खडक दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचल्यामुळे डोंगरांच्या बाजू पायऱ्यापायऱ्यांच्या झाल्या आहेत. कड्याच्या दोन पायऱ्यांमधील अरुंद सपाटीवरून डोंगराला वळसा घालणाऱ्या आडव्या वाटा सायकलीस सोयीच्या, तर पायरी ओलांडणाऱ्या उभ्या वाटा बहुधा सायकल खांद्यावर घेऊनच पार कराव्या लागतात. पश्चिमेकडील उंच माथ्यांवर बेसाल्टचे विदारण होऊन जांभ्याचे टोप तयार झाले आहेत. महाबळेश्वर, पाचगणी, कास व चाळकेवाडी येथील पठारे या प्रकारची आहेत. पूर्वेकडील शंभू महादेवाच्या डोंगररांगेत उंची कमी होते व मुरमाड टेकड्या आणि उघडी माळराने लागतात.

पावसाचे प्रमाण याहूनही झपाट्याने बदलते. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी ५,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सु. १०० किमी. अंतरावरील दहिवडीच्या आसपास तो सु. ५०० मिमी. इतकाच असतो. त्यामुळे या परिसरात सायकलिंगचा हंगाम एकच नसून पश्चिमेचा व पूर्वेचा असे दोन हंगाम आहेत.

वाटांचे प्रकार : पश्चिम भागात घाटरस्ते व सड्यांवरील मार्ग येतात. साताऱ्याहून (सु. ७४० मी.) यवतेश्वरमार्गे कासला (सु. १,२०० मी.) जाणारा सु. २५ किमी.चा डांबरी रस्ता, मेढा–महाबळेश्वर मार्गावरील केळघर घाट आणि वाई–पाचगणी मार्गावरील पसरणी घाट हे चढाच्या सरावासाठी वापरले जातात. कासच्या पलीकडे रस्ता कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी बामणोलीस उतरतो. चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारांवर पवनचक्क्यांच्या उभारणीसाठी व देखभालीसाठी मुरमाचे रस्ते झाले. सांगली जिल्ह्यात शिराळा तालुक्यातील गुढे–पाचगणी पठारावर व कवठे महांकाळ तालुक्यात ढालगाव परिसरात असेच रस्ते आहेत. रुंद, मध्यम चढाचे व वर्दळ कमी असलेले हे मार्ग नवशिक्यास उपयुक्त असले, तरी ते खाजगी अथवा वनखात्याच्या जमिनीतून जातात व माथ्यावरचा आडवा वारा सायकलीस ढकलतो.

मध्य भागात कृष्णा, कोयना व वारणा यांच्या खोऱ्यांतील बागायती प्रदेश आहे. येथे कालव्यांच्या कडेचे मातीचे रस्ते, उसाच्या शेतांमधील पाणंदी आणि अजिंक्यतारा (सु. १,००० मी.), सज्जनगड, मच्छिंद्रगड यांसारख्या किल्ल्यांच्या पायथ्याच्या वाटा आहेत. काळ्या मातीचा एक गुण सायकलस्वारास आधीच ठाऊक असावा लागतो. कोरडी असताना टणक असणारी ही माती पहिल्या सरीनंतर टायरास लपेटते, चिमटा व चाक यांमधील जागा भरून काढते आणि काही मीटर अंतरातच चाक फिरेनासे होते. अशा वेळी सायकल उचलून बांधावर नेण्याखेरीज इलाज नसतो. जोर लावल्यास मागील साखळी-बदलक यंत्रणा मोडते.

पूर्व भागात माण, खटाव, आटपाडी, जत व कवठे महांकाळ हे कोरडे तालुके येतात. मिरज–कवठे महांकाळ परिसरातील दंडोबाचा डोंगर, शिखर शिंगणापूरच्या आसपासच्या टेकड्या व माणगंगा आणि येरळा यांच्या काठची माळराने ही त्याची ठळक उदाहरणे होत. चढ लहान पण वारंवार येतात. कठीण तळावर सुटा मुरूम पसरलेला असल्यामुळे वळणावर चाक छऱ्यांवरून सरकावे तसे सरकते. मुख्य अडचण काट्यांची आहे. बाभळीचा लांब काटा जाड टायर भेदून आत जातो. जमिनीलगत पसरणाऱ्या सराट्याची फळे तर कशीही पडली, तरी त्यांचा एखादा काटा वर राहतो. म्हणून या भागात ट्यूबविरहित टायर ही चैन नसून गरज मानली जाते.

ऋतुमान : जून ते सप्टेंबर या काळात पश्चिमेकडील मातीच्या वाटा निसरड्या व धुक्याने झाकलेल्या असतात, दरडी कोसळण्याचाही संभव असतो. त्याच काळात पूर्वेकडील माळांवर हवा ढगाळ व थंड असून मुरूम किंचित ओलसर होऊन बसतो व पकड सुधारते. ऑक्टोबरनंतर पश्चिमेची जमीन सुकते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तेथील उत्तम हंगाम ठरतो. फेब्रुवारीपासून वाळलेल्या गवतास वणवे लागतात. मार्च ते मे या महिन्यांत पूर्व भागात दुपारचे सायकलिंग टाळून पहाटेच्या दोन-तीन तासांत फेरी पुरी करतात.

तंत्र : उतारावर स्वार आसनावर न बसता दोन्ही पॅडले समपातळीत ठेवून उभा राहतो, गुडघे व कोपर किंचित वाकवितो आणि वजन मागे नेतो. नजर पुढील चाकाजवळ न ठेवता काही मीटर पुढे, जेथे जायचे त्या रेषेवर ठेवतात. दगडाकडे पाहत राहिल्यास सायकल दगडाकडेच जाते. पुढील गतिरोधकात थांबविण्याची शक्ती अधिक असते, परंतु सुट्या मुरमावर वळणात तो दाबल्यास पुढील चाक निसटते. म्हणून वेग वळणापूर्वी कमी करून वळणात चाके मोकळी ठेवतात. मागील चाक आवळून घसरत नेणे हे नवशिक्याचे लक्षण मानले जाते. त्याने वेग फारसा कमी होत नाही, टायर झिजतो आणि वाट उकरली जाते. तीव्र चढावर वजन पुढे झुकवून पुढील चाक जमिनीवर टेकलेले ठेवणे व एकसारख्या लयीत पॅडल मारणे आवश्यक असते.

सडे व त्यांची नाजूकता : या परिसरातील सायकलिंगचा सर्वांत गंभीर प्रश्न जांभ्याच्या सड्यांशी निगडित आहे. वरवर पाहता सडा हा उघडा, टणक खडक असल्यामुळे चाकाने त्याचे काही बिघडणार नाही असा समज होतो. तो चुकीचा आहे. खडकावरील मातीचा थर बऱ्याच ठिकाणी केवळ काही सेंमी. जाड असतो. पावसाळ्यात खळग्यांतून पाणी साचते आणि या ओलाव्याच्या मर्यादित काळात वनस्पती उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होतात. गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू, कवला यांसारख्या वनस्पतींचे ताटवे याच थरावर वाढतात. त्यांतील सीतेची आसवे व दवबिंदू या कीटकभक्षी आहेत. निकृष्ट मातीत कमी पडणारे नायट्रोजनयुक्त पोषण त्या कीटकांपासून मिळवितात. साताऱ्याच्या सड्यांवरील वायतुरा ही प्रदेशनिष्ठ वनस्पती अशा उथळ, हंगामी ओलाव्यावर अवलंबून असते.

ओल्या सड्यावरून चाक गेले की, तीन परिणाम होतात. पहिला, पातळ माती दबून बियांना मूळ धरण्यास जागा राहत नाही. दुसरा, चाकाची अखंड खाच पाण्याला वाट करून देते. त्या खाचेतून खळग्यातील पाणी वाहून गेल्यास तेथील ओलावा लवकर संपतो व वनस्पतींचा हंगाम अपुरा राहतो. तिसरा, वाहत्या पाण्याबरोबर माती जाते आणि खडक उघडा पडतो. जांभ्यावर नवी माती तयार होण्याचा वेग अत्यंत मंद असल्यामुळे ही हानी माणसाच्या आयुष्यात भरून येत नाही.

याबाबत एक मुद्दा नेहमी पुढे केला जातो की, सायकलीने होणारी झीज पायी चालणाऱ्याने होणाऱ्या झिजेपेक्षा फार अधिक नसते. त्यात तथ्य आहे. कॅनडाच्या ऑंटॅरिओ प्रांतातील पानझडी जंगलात केलेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वनस्पती व माती यांवरील दोहोंचा परिणाम जवळजवळ सारखा आढळला. परंतु तो निष्कर्ष खोल माती असलेल्या जंगलवाटांचा आहे, काही सेंमी. मातीच्या सड्यास तो लावता येत नाही. सड्यावर पावसाळ्यात पाऊलही रुळलेली वाट सोडून पडू नये, हाच त्यातून निघणारा योग्य अर्थ होय. चाकाच्या बाबतीत अधिकची अडचण अशी की, पाऊल तुटक ठसे उमटविते, तर चाक सलग रेषा ओढते. आणि एकदा उमटलेली रेषा मागून येणाऱ्यांना वाट वाटू लागते.

कायदा व संकेत : पश्चिम घाटातील निवडक स्थळांचा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत कास, कोयना व चांदोली यांचा अंतर्भाव आहे. कास पठार हे राखीव वन असून फुलांच्या हंगामात तेथील प्रवेश नियंत्रित असतो. सायकल डांबरी रस्त्यावर ठेवून ठरलेल्या वाटेने पायी जाणे हाच तेथील शिष्टाचार होय. महाबळेश्वर–पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्र सु. १,१६५ चौ. किमी. आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. नकाशावर जुनी गाडीवाट दिसते एवढ्यावरून तेथे सायकल नेणे हा गुन्हा ठरू शकतो. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यासही (सु. १०.८७ चौ. किमी.) हेच लागू आहे. उजाड डोंगरावर लोकप्रयत्नांतून झाडे वाढवून व हरणे आणून तयार झालेले हे अभयारण्य कुंपणाने वेढलेले आहे.

संरक्षित क्षेत्राबाहेरील वाटा कायद्यापेक्षा संकेताने चालतात. गुरे व शेळ्यामेंढ्यांचा कळप समोर आल्यास सायकलीवरून उतरून कडेला थांबणे, चढणाऱ्यास वाट देणे, पिकातून व ओल्या बांधावरून न जाणे, शेताचे फाटक जसे असेल तसे ठेवणे आणि देवराईत सायकल न नेणे हे संकेत पाळले जातात. शिखर शिंगणापूरसारख्या ठिकाणी चैत्री यात्रेत कावडी मुंगी घाटातून वर चढतात. अशा दिवसांत त्या वाटांवर सायकल नेणे अनुचित होय. गावकऱ्याच्या दृष्टीने भरधाव सायकल व भरधाव मोटारसायकल यांत फारसा फरक नसतो. बुजलेल्या एका बैलामुळे किंवा तुटलेल्या एका बांधामुळे संपूर्ण वाट सर्वांना बंद होऊ शकते.

सुरक्षितता : शिरस्त्राण, हातमोजे, पंप, पंक्चर काढण्याचे साहित्य, जादा ट्यूब, साखळीची जोडकडी व किमान दोन ते तीन लिटर पाणी ही आवश्यक सामग्री होय. कोयना खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी भ्रमणध्वनीचा संपर्क होत नाही. म्हणून एकट्याने जाणे टाळतात व परतण्याची वेळ गावी सांगून निघतात. पश्चिमेकडील जंगलालगतच्या वाटांवर गवे आढळतात. गवा समोर दिसल्यास वेगाने बाजूने निघून जाण्याचा प्रयत्न न करता अंतर ठेवून थांबणे व त्याला वाट मोकळी करून देणे श्रेयस्कर असते. कड्यांवरील आग्या मोहोळाजवळ धूर व गोंगाट करू नये. वाटेत अस्थिभंग झाल्यास अवयव हलविण्याआधी त्याला आधार बांधून मगच जखमीस रस्त्यावर आणतात. सातारा, कराड व मिरज येथे उपचाराच्या मोठ्या सोयी आहेत.

पर्वतीय सायकलिंगमुळे आडबाजूच्या गावांत निवास, भोजन व वाटाडे यांना मागणी निर्माण होऊ शकते, तसेच तरुणांना आपल्या भूप्रदेशाची जवळून ओळख होते. परंतु या लाभांचा पाया वाटा खुल्या राहण्यावर अवलंबून आहे. पावसाळ्यात पूर्वेकडील मुरमाड माळ, कोरड्या ऋतूत पश्चिमेकडील रुळलेले मार्ग आणि सड्याच्या ओल्या मातीवर कोणत्याही काळी चाक नाही, ही विभागणी या दोन जिल्ह्यांच्या खडक-पावसाने घालून दिलेली आहे. तिच्याशी जुळवून घेतल्यास खेळ व सडे दोन्ही टिकू शकतात.